आत्मचरित्र वाचायचं ते वाट धरून

वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर मी बारा वर्षं बसले. दापोली तालुक्यातलं छोटं गाव, दोन खोल्या, सहा लोखंडी कपाटं आणि पावसाळ्यात भिंतींना धरणारी ओल. त्या बारा वर्षांत एक मागणी सगळ्यात जास्त वेळा ऐकली : "कादंबरी नको, काहीतरी खरं घडलेलं द्या." मागणारे नाना तऱ्हेचे. मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेले काका, बारावीच्या निकालाची वाट बघणारी मुलगी, बाळंतपणाला आलेली माहेरवाशीण. सुरुवातीला मी त्यांच्या हातात सगळ्यात नावाजलेलं आत्मचरित्र ठेवायची. निम्मी पुस्तकं विसाव्या-पंचविसाव्या पानात खूण तशीच अडकलेली, अशी परत यायची. वाचणाऱ्यांना हौस होती, पुस्तकंही चांगली होती. आत शिरायची वाट मात्र मी चुकीची दाखवत होते.

पुढे एक गोष्ट ध्यानात आली. कोकणातल्या माणसांनी लिहिलेल्या आठवणींत एक क्रिया सारखी भेटते, ती म्हणजे चालणं. मधे खाड्या, पाठीशी सह्याद्री, रस्ते नाहीत. शिकायला जायचं तर पायी, बाजाराला पायी, घाटावर पायी, भिक्षुकीला थेट उत्तर हिंदुस्थानात जायचं तेही बरंचसं पायी. त्यातल्या कितीतरी वाटा आजही आपल्या पायाखाली आहेत, गावांची नावं एसटीच्या पाटीवर आहेत. तेव्हापासून मी पुस्तक देताना आधी ती वाट सांगायला लागले आणि पुस्तकं पुरी वाचून परत यायला लागली. ती रीत इथे मांडते आहे. आत्मचरित्रं, आठवणी, खऱ्या आयुष्याच्या कहाण्या कधी वाचल्या नसतील, किंवा हातात घेऊन सोडून दिल्या असतील, त्यांच्यासाठी.

पहिली पायरी : आपल्या तालुक्यापासून सुरुवात करा

मोठं नाव, पुरस्कार, जाड पुस्तक हे सगळं नंतर. आधी बघा, आपल्या घरापासून दिवसभरात जाऊन येता येईल अशा गावाबद्दल कुणी लिहिलंय का. ओळखीचा डोंगर, ओळखीची खाडी पानात दिसली की जुनी भाषासुद्धा अडत नाही.

पेण तालुक्यात असाल तर वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' तुमचा. दापोलीत असाल तर मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांचं 'आत्मवृत्त' आणि पालगडच्या साने गुरुजींचं 'श्यामची आई'. रत्नागिरीकरांना उर्मिला पवार यांचं 'आयदान' आणि सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी'. सुनीताबाई मूळच्या रत्नागिरीच्या ठाकूरांच्या. कणकवलीकडच्यांना मधू मंगेश कर्णिक यांचं 'करूळचा मुलगा'. मंडणगडात वेळासला लोक कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात. ते नाना फडणवीसांच्या घराण्याचं गाव. नानांनी स्वतःच्या तरुणपणाबद्दल लिहिलेला मजकूर अगदी थोडक्यात आहे, एका बैठकीत संपतो. पानिपतात आई हरवलेल्या मुलाचं ते लिखाण आहे हे मनात ठेवून वाचा.

एक खबरदारी. मुरुड दोन आहेत. जंजिरा किल्ल्याचं मुरुड रायगडात, कर्व्यांचं मुरुड दापोलीत हर्णैजवळ. एका वाचकानं अर्धं पुस्तक जंजिरा डोळ्यांसमोर आणून वाचलं होतं. गावाचं नाव आलं की तालुका कोणता ते आधी विचारायचं.

दुसरी पायरी : तीन सनावळ्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहा

वाचनालयाचं पुस्तक असेल तर वेगळ्या कागदावर लिहा. घडलं कधी, लिहिलं कधी, छापलं कधी. एवढंच. पण या तीन आकड्यांनी पुस्तकाचा नूर कळतो.

गोडसे भटजींचं उदाहरण घ्या. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं ऐकून हे काकांबरोबर 1857 मध्ये वरसईहून निघाले. महूच्या आसपास पोचतात तोच बंडाची बातमी. पुढे झाशीत असताना 1858 चा वेढा पडला आणि शहराची लूट त्यांनी आतून पाहिली. घरी परतले तेव्हा दक्षिणा वाटेत लुटली गेलेली, बरोबर गंगेचं पाणी तेवढं. हे सगळं त्यांनी लिहून काढलं सुमारे पंचवीस वर्षांनी, आणि चिंतामण विनायक वैद्य यांनी छापलं ते 1907 मध्ये. म्हणजे घडण्यापासून छापण्यापर्यंत पन्नास वर्षं. मधे इंग्रज सरकारचं भय. वैद्यांनी भाषेत आणि मजकुरात फेरफारही केले. पुढे मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती निघाली. म्हणून वाचनालयात 'माझा प्रवास' मागताना कुणी संपादित केलेली प्रत आहे ते पाहा, आणि मिळाली तर मूळ हस्तलिखितावरची घ्या. तिच्यातला भिक्षुक जास्त मोकळा बोलतो.

'श्यामची आई'चं गणित वेगळं. साने गुरुजींची आई 1917 मध्ये गेली. पुस्तक लिहिलं 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत. छापलं 1935 मध्ये. आई जाऊन सोळा वर्षं झालेला, तुरुंगात बसलेला तेहतीस वर्षांचा मुलगा आईबद्दल लिहितो आहे. पुस्तकातला गहिवर कुठून येतो ते या आकड्यांवरूनच कळतं. पांडुरंगाचा तिथे श्याम झाला आहे, रात्री एकेक आठवण सांगायची अशी बांधणी केली आहे, त्यामुळे ते सरळ आत्मचरित्र म्हणून वाचू नये. पण खोटंही मानू नये. पालगडला जाऊन आलात तर हे आपोआप कळेल.

सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'मध्ये अंदमानातली 1911 ते 1921 ही वर्षं आहेत आणि पुस्तक निघालं 1927 ला, म्हणजे ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते तेव्हा. सुनीताबाईंचं लग्न 12 जून 1946 ला रत्नागिरीत झालं, नोंदणी पद्धतीनं. पुस्तक आलं 1990 ला. चव्वेचाळीस वर्षांचा संसार मधे गेला आहे. तो ध्यानात ठेवला की त्यांच्या शब्दांची धार कळते.

जुन्या पुस्तकांत सन नसतो, शके असतो. शक अधिक 78 म्हणजे इसवी सन. जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी 79 मिळवायचे. पैशांचाही घोटाळा होतो. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. दशमान नाणी आली 1957 मध्ये. हे कागदावर लिहून पुस्तकात घालून ठेवा, नाहीतर "आठ आणे दिले" हे वाक्य वाचताना काहीच वाटत नाही.

तिसरी पायरी : एकाच घरातली तीन तोंडं ऐका

माझ्या मते कोकणच्या वाचकाला मराठीत मिळणारी सगळ्यात मोठी मेजवानी ही आहे, आणि फार थोड्यांनी ती पुरी चाखली आहे. म्हणून इथे थोडी थांबते.

कर्व्यांचं 'आत्मवृत्त' 1915 चं. त्यातली साताऱ्याची गोष्ट आधी वाचा. सहावीच्या परीक्षेला बसायचं म्हणून मुरुडची मुलं साताऱ्याला चालत निघाली. शंभराहून अधिक मैल, वाटेत कुंभार्ली घाट. पोचल्यावर परीक्षकांनी धोंडूला बघितलं, सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणाले, आणि परीक्षेला बसू दिलं नाही. आपण आज चिपळूणहून कराडकडे त्याच घाटानं गाडीतून जातो. गाडीच्या खिडकीतून दिसणारा उतार आणि रिकाम्या हातानं परत फिरलेला तो मुलगा, दोन्ही एकदा एकत्र डोळ्यांसमोर आणा. कर्व्यांची भाषा कोरडी आहे. रडगाणं कुठे नाही, स्वतःच्या चुकाही हिशेबाच्या वहीसारख्या मांडलेल्या. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ती रुक्ष वाटते. घाई करू नका, रोज दहा पानं पुरे.

मग पुढे 1893 येतं. पहिली पत्नी गेल्यावर कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या. मुरुडकरांनी बहिष्कार घातला. कर्वे हे कसं सांगतात ते वाचून झालं की पुस्तक खाली ठेवा आणि 'माझे पुराण' हातात घ्या. हे त्याच गोदूबाईंचं, म्हणजे बाया कर्वे यांचं आत्मकथन, 1944 मध्ये आलेलं. नवरा सगळं विधवांसाठी काढलेल्या आपल्या आश्रमाला देत सुटलेला आणि घर चालवायचं हिनं. त्यांच्या बोलण्यात आडपडदा नाही. पतीच्या मोठेपणाबद्दल आदर आहे आणि घरातल्या ओढाताणीचा हिशेबही आहे, आणि दोन्ही एकाच वाक्यात मावतं. समाजसुधारणेचा खर्च कुणाच्या खिशातून गेला, हे या पुस्तकाशिवाय कळायचं नाही.

तिसरं पुस्तक बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांचं. 'माझी कहाणी', 1928. देवरुखची मुलगी. हीदेखील विधवा, पण हिनं पुन्हा लग्न केलं नाही. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव निधी गोळा केला आणि चाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेली, तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिली. देवरुख ते अमेरिका. वाचताना मला वाटायचं, हिच्या नावाची एखादी पाटी तरी आपल्या रस्त्यांवर हवी होती.

एकच घर, एकच काळ, तीन माणसं. एकाच प्रसंगाबद्दल तिघं काय बोलतात आणि काय गाळतात, हे वहीत तीन रकाने आखून लिहा. कोण खरं बोलतंय ते शोधू नका, कुणाचं लक्ष कुठे आहे ते पाहा. एवढं केलंत की पुढचं कुठलंही आत्मचरित्र तुम्ही वेगळ्या डोळ्यानं वाचाल. एकानं सांगितलेलं ऐकताना घरातल्या बाकीच्यांची आठवण आपसूक होईल.

चौथी पायरी : वाटेवर आणखी कोण होतं ते विचारा

कोकणातली जुनी आत्मचरित्रं बहुतेक शिकलेल्या घरांतली. त्यांत आगर आहे, माजघर आहे, देवघर आहे. भारे वाहणारं माणूस क्वचित नावानिशी येतं. पुस्तक मोठं असलं तरी ही उणीव त्यात आहे हे ओळखूनच वाचायचं.

त्यासाठी 'आयदान' लागतं. 2003 मध्ये ग्रंथालीनं काढलेलं. उर्मिला पवार रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या. वडील लवकर गेले, आई बांबूची आयदानं, म्हणजे टोपल्या-सुपं, विणून घर चालवायची. पुस्तक सुरू होतं तेच चालण्यानं. गावातल्या बाया डोक्यावर भारे घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला निघाल्या आहेत. चालताना बोलतात, हसतात, शिव्या देतात, पोरीबाळींची दुःखं एकमेकींना सांगतात. कर्व्यांच्या साताऱ्याच्या वाटेनंतर ही वाट वाचा. पाय तसेच दुखतात. पण एकाला परीक्षेच्या दारातून परत पाठवतात आणि या बायांना बाजारात मालाला हातसुद्धा न लावता भाव पाडून मागतात. जात कोकणच्या हिरव्या डोंगरांत कशी राहायची, ते या पुस्तकानं मला दाखवलं. मी त्याच जिल्ह्यात वाढले, आणि तरी मला दाखवावं लागलं.

हे पुस्तक देताना मी दोन गोष्टी सांगायची. बोलीतले शब्द अडले तर शब्दकोश उघडू नका, गावातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. आणि मनाला लागलं तर पुस्तक चार दिवस बाजूला ठेवा, पण परत उचला.

इथून पुढे कोकणाबाहेर जायला हरकत नाही. दया पवार यांचं 'बलुतं', लक्ष्मण माने यांचं 'उपरा', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई नाशिककडच्या, पण त्यांचे पती नारायण वामन टिळक दापोलीकडच्या करजगावात जन्मले, म्हणून मी त्यांना अर्ध्या आपल्याच समजते. जुनी मराठी वाचायची भीती असेल त्यानं तर 'स्मृतिचित्रे'नंच सुरुवात करावी; शेजारच्या बाईनं ओटीवर बसून सांगावं इतकं ते सोपं आहे.

खरं आणि कादंबरी यांच्या मधलं

हा प्रश्न सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. श्री. ना. पेंडसे यांचं 'गारंबीचा बापू' दापोलीकडच्या मातीतलं आहे, पण ती कादंबरी आहे. ती जीवनकथा म्हणून वाचू नका. पेंडशांच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल वाचायचं तर 'लेखक आणि माणूस' आहे. जयवंत दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये आरवलीकडची माणसं दिसतात, पण लेखकानं त्यांना रंग चढवले आहेत. मलपृष्ठावर आत्मचरित्र, आत्मकथन, आठवणी, कादंबरी, ललित यांतला कोणता शब्द छापला आहे तो बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

पुस्तक मिळवायचं कुठून

आपल्या किनाऱ्याइतकी जुनी वाचनालयं फार थोड्या ठिकाणी आहेत. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 चं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. 2005 च्या आणि पुन्हा जुलै 2021 च्या पुरात त्यानं पाणी झेललं. सभासद व्हायला ओळखपत्र, परत मिळणारी अनामत आणि महिन्याची थोडी वर्गणी लागते. कपाटातून आपलं आपण शोधत बसू नका. टेबलावरच्या माणसाला सांगा, "अमुक गावाबद्दल आठवणी हव्यात." चांगल्या ग्रंथपालाला हा प्रश्न फार आवडतो. जीर्ण पुस्तकं घरी देत नाहीत, तिथेच बसून वाचावी लागतात. त्यावर रुसू नये.

लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी पुस्तक मुक्त होतं. त्यामुळे गोडसे भटजी, लक्ष्मीबाई, साने गुरुजी, पार्वतीबाई, बाया आणि धोंडो केशव कर्वे हे सगळे आता मुक्त आहेत. यांतलं काय काय विकिस्रोत आणि इंटरनेट अर्काइव्हवर मोफत मिळतं ते शोधून पाहा. 'आयदान' मात्र विकत घ्या. लेखिका आपल्या काळातली आहे, तिचा मोबदला तिला मिळायला हवा.

विकत घेतलेलं पुस्तक कोकणात टिकवणं हेही काम आहे. सगळ्यात खालच्या फळीवर ठेवू नका, भिंतीला टेकवून ठेवू नका. कसर लागते ती ओलीला. मृगाआधी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा पुस्तकं काढून सावलीत वारा द्या, कडक उन्हात नको. फळीवर सुकलेला कडुनिंबाचा पाला पसरा, दर वर्षी बदला.

शेवटची पायरी : घरातल्या माणसाला विचारा

चार-पाच पुस्तकं झाली की कान तयार होतो. मग आपल्याच घरातली आठवण ऐकायची वेळ येते. गणपतीत सगळे चाकरमानी जमतात, तेव्हा दुपारची जेवणं आटपली की ओटीवर म्हाताऱ्या माणसाजवळ बसा.

"तुमचं आयुष्य सांगा" असं कधीच म्हणू नका. माणूस गप्प होतं, किंवा उपदेश करायला लागतं. चालण्याचं विचारा. पहिल्यांदा गावाबाहेर गेलात ते कुणाबरोबर? होडीनं खाडी कुठे ओलांडलीत? बोटीनं गेलात तर बंदर कोणतं? शिदोरीला काय होतं? सनावळी आठवत नाही म्हणाल्या, तर मोठ्या घटनेला बांधा. रामदास बोट बुडाली तेव्हा तुम्ही केवढ्या होतात? ती तारीख 17 जुलै 1947. कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर? तो 11 डिसेंबर 1967. या दोन तारखांच्या मधे माणसाचं अर्धं आयुष्य बसवता येतं.

आमच्या वाडीतल्या एका आजींना मी 'आयदान'ची पहिली पानं वाचून दाखवली होती. त्यांना अक्षरओळख नव्हती. ऐकून झाल्यावर बराच वेळ त्या पावलांकडे बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, "गवताचा भारा घेऊन गेले की येताना मीठ आणायचे. पाऊस आला तर मीठ पोटाशी धरायचे." पुढे दीड तास त्या बोलल्या. त्यांच्या नातवानं आजीला विचारून सगळं फोनमध्ये टिपून घेतलं.

तुम्ही टिपाल तेव्हा एक करा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, वाडी आणि बोलणाऱ्याचं माहेरचं नाव सांगा. आमच्याकडून ते राहून गेलं, आणि त्या आजींचं माहेर कोणतं हे आता विचारायला कुणी उरलेलं नाही.